शुक्राची गोधडी

खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालकांनी मला आधी तराजूत बसवलं. भाडं किती, पाणी कधी येतं, यातलं एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं. अंगणातल्या कडुनिंबाच्या जाड फांदीला साखळ्यांचा मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "बसा बाई. घाबरू नोका, क्विंटलभर पेलते." मी नुकतीच नोकरीला लागलेली नर्स, वय सव्वीस. परक्या गावात परक्या माणसाच्या पारड्यात बसणं मला काही शोभत नव्हतं, पण गावात दुसरी खोली नव्हती. बसले. त्यांनी समोरच्या पारड्यात लोखंडी वजनं चढवली, दांडी स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभे राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं पुकारलं, "चौपन्न!"

मग आवाज खाली आणून म्हणाले, "स्प्रिंगच्या काट्यावर मोजलं तं मंगयावर वीस भरन, चांदावर नऊ. पन ह्या तराजूवर कुठीबी जा, चौपन्नच. हा बेईमान होत नाई."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अवो, पोरगी पयून जाईन तुमच्यापायी. चहा तं पिऊ द्या तिले."

ते गाव शेलूबाजारपासून चार-पाच किलोमीटर आत आहे. नाव सांगत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून तिथंच आहेत. मी तिथल्या उपकेंद्रात होते. घरमालकांना सगळं गाव बुवा म्हणायचं. कीर्तन-प्रवचनाशी त्यांचा काही संबंध नव्हता. आमच्याकडे केस पिकले की माणूस बुवा होतो, एवढंच. त्यांनी उभा जन्म धान्याच्या बाजारात मापारी म्हणून काढला होता. शेतकरी पोतं आणणार, व्यापारी घेणार, आणि दोघांच्या मध्ये उभं राहून मापारी वजन पुकारणार. त्याची नजर एकाकडे झुकली की दुसरा बुडाला. बुवांची नजर कधी झुकली नाही असं शेतकरीही सांगत आणि व्यापारीही, आणि ही दोन माणसं एका गोष्टीवर एकमत झाली तर ती खरी मानायला हरकत नाही. पुढे बाजारात बटणांचे काटे आले. बुवांनी आपला तराजू बैलगाडीत घालून घरी आणला आणि कडुनिंबाला टांगला.

ग्रहांचं वेड त्यांना बाजारातच लागलं होतं. तूर विकायला आलेल्या एका मास्तरांनी, नंबर लागेपर्यंत वेळ जाईना म्हणून, सहज सांगितलं की हे पोतं चंद्रावर नेलं तर सहावा हिस्साच भरेल. बुवांनी तेव्हा पोतं मोजून दिलं. पुढच्या आठवड्यात मास्तर दिसले तसे त्यांना अडवून म्हणाले, "गुरुजी, तुमचं पोतं हलकं होईन तं माही वजनं हलकी नाई होनार का? दोन्ही पारडे सारखेच हलके. दांडी हालत नाई." मास्तरांनी म्हणे तिथंच हात जोडले. पुढच्या खेपेला त्यांनी ग्रहताऱ्यांवरचं एक पातळसं पुस्तक बुवांना आणून दिलं. ते बुवांनी इतकं वाचलं होतं की पानं पोळीसारखी मऊ पडली होती. नंतर मोबाइल आला, त्यावर हिंदीतले व्हिडिओ आले, आणि माणूस हाताबाहेर गेला.

मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. एक म्हटलं की बरकत जाते. बुवा ग्रहही तसेच मोजायचे. "लाभ बुध, दोन शुक्र, तीन आपली धरती, चार मंगय." दारावरून जाणारा कोणीही माणूस त्यांना पुरत असे. दूधवाला, ग्रामसेवक, मतं मागायला आलेले उमेदवार, सगळ्यांनी त्या पारड्यात बसून आपलं मंगळावरचं वजन ऐकलं होतं. ऐकून घेतलं की त्यांना मत मिळायचं असं नाही.

ग्रहाची ओढ कशानं वाढते आणि कशानं कमी होते, हे ते कापसावरून समजावत. "गोया मोठा दिसला म्हून भ्याचं नाई बाई. आत माल किती हाय ते पाहाचं, अन् आपुन त्याच्या मधल्यापासून किती दूर उभे हाओत ते पाहाचं. सुट्ट्या कापसाचा ढीग घरायेवढा. त्याचीच जिनात दाबून गाठ केली तं खाटेयेवढी. माल तेवढाच, पन गाठीवर उभं राह्यलं तं आपुन मधल्याच्या जोय आलो. मंग ओढ वाढली." मी बारावीला विज्ञान घेतलं होतं, पण हे मला पहिल्यांदा कळलं ते त्या ओट्यावर.

शेजारी एक बुढी राहायची. मुलगा पुण्याकडे कंपनीत, घरी ती आणि तिची सून. बुढीला साडेसाती लागलेली होती, दर शनिवारी ती तेलाची वाटी घेऊन निघायची आणि दर शनिवारी बुवा तिला अडवायचे. "बुढे, कोनाले भेऊन राह्यली तू? शनी मोठा दिसते, पन माल भुशासारखा. पान्यात टाकला तं तरंगन. त्याच्यावर उभं राहाले जागा भेटली, तं तुह्यं वजन अथीच्यायेवढंच भरन. तो तुह्यं काय वाकडं करते?"

"तोंडाले आग लागो तुह्या," बुढी म्हणायची, "त्यानं आइकलं मंजे?" आणि पुढचे आठ दिवस दोन्ही घरांतलं विरजण-साखरेचं देणंघेणं बंद.

बुवांच्या बायकोला मी काकू म्हणत असे. मूलबाळ नव्हतं. काकू ठेंगण्या, सावळ्या, हसल्या की डोळे मिटायचे. त्या गोधड्या शिवायच्या. जुन्या लुगड्यांचे चार थर, बारीक आडवा टाका, आणि काठाला एखाद्या नव्या कापडाची लाल पट्टी. बाळंतिणीच्या घरी पहिली गोधडी काकूंचीच जायची. नवऱ्याच्या वेडाबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं, "ह्यायचं आभायात, माहं चुलीत. भांडन होईनच कसं?" पण बुवा एखादा दिवस ग्रहांबद्दल बोलले नाहीत तर त्याच काळजीत पडायच्या आणि चहा देताना विचारायच्या, "काहून वो, आज शुक्र कुठी गेला?"

शुक्र हा बुवांचा लाडका ग्रह. त्याच्यासाठी काकूंची गोधडी लागायची. मला त्यांनी हा धडा डिसेंबरात दिला. तांब्याचे दोन लोटे, दोन्हींत चुलीवरचं कढत पाणी. एक लोटा तसाच ठेवला, दुसऱ्याला गोधडी गुंडाळली. तासाभरानं मला दोन्हींत बोट घालायला लावलं. उघडा लोटा गार, गुंडाळलेल्यात बोट ठेववत नव्हतं.

"आता सांगा. बुध सूर्याच्या बगलेत बसला, शुक्र त्याच्या मांगं. तरी जास्त तापते शुक्रच. काहून? त्यानं हवेची जाडी गोदडी पांघरली हाय. दिवसा आलं ते ऊन रातीबी बाहेर जात नाई. चांदाले गोदडीच नाई, तो दिवसा भाजते अन् राती गारठते. आपली धरती मधातली, पातय गोदडीवाली. पन आपुन धूर सोडू सोडू ते जाड करून राह्यलो." मग बोट वर करून, वजन पुकारतात तसं, "ध्यानात ठेवजा बाई. गोदडी सोता गरम नसते. आतलं बाहेर जाऊ देत नाई, येवढंच तिचं काम."

आणि मंगळ? मंगळाबद्दल बोलताना बुवांचा सूर मेलेल्या नातेवाईकाबद्दल बोलावं तसा व्हायचा. "त्याच्यापाशी हवा होती. पानीबी होतं म्हन्तात. पन अंगात वजन कमी, पकड ढिली. हवा निसटू निसटू गेली. हवा गेली तशी ऊब गेली. ज्याची पकड गेली त्याचं सारंच जाते, बाई." काकू आतून म्हणायच्या, "झालं, लागले रडाले."

हे वेड नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. ओसरीत त्यांनी एक थर्मामीटर टांगला होता. उन्हाळ्यात दुपारी दोनला त्यापुढं उभं राहून ते आकडा पुकारायचे. "त्रेचाळीस!" "चव्वेचाळीस!" गल्लीतल्या बायका आतूनच ओरडायच्या, "आमाले मालूम हाय!" आणि दर मार्चमध्ये ते शिडी लावून घरावरच्या टिनांना चुना फासायचे. पांढरं असलं की ऊन परत जातं, बर्फाच्या ग्रहाचं तसंच असतं, असं त्यांचं शास्त्र. लोक हसले. पहिल्या पावसात चुना ओघळून भिंतींवर यायचा आणि घराला कोड फुटल्यासारखं दिसायचं. पण माझी खोली त्याच टिनांखाली होती आणि मी सांगते, दुपारी त्या घरात बसवत होतं. गावात ते एकच घर असं होतं. काकूंचा जीव जायला लागला तो गावातल्या सर्वांत थंड घरात, हे मला अजून पचत नाही.

आता मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. ती इथंच सांगायला हवी.

लोट्यांच्या त्या धड्यानंतर आठ-दहा दिवसांनी काकूंना हुडहुडी भरून ताप आला. मी रक्ताचा नमुना घेतला, गोळी दिली आणि जाता जाता म्हटलं, "बुवा, पांघरून घालून झोपू द्या काकूले. घाम फुटला की ताप उतरते." हे मी गावात दिवसातून दहा वेळा म्हणायचे. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची, आणि नर्सिंगच्या तीन वर्षांनंतरही ते माझ्या तोंडातून निघायचंच. बुवांनी दोन गोधड्या घातल्या, पहाटे काकूंना घाम फुटला, ताप उतरला. बुवांनी चार जणांत सांगितलं, सिस्टरच्या हाताला गुण आहे. मला बरं वाटलं.

त्यानंतरचा मे महिना फार वाईट होता. उन्हाळी भुईमूग निघाला होता आणि गावातल्या बायका शेंगा तोडायला जात होत्या. उपटलेल्या वेलांच्या ढिगाशी उन्हात बसायचं, डोक्यावर पदर, मांडीखाली तापलेली माती. काकूही जायच्या. बुवा म्हणाले होते, जाऊ नको. काकू म्हणाल्या, "चार बायात गोठी तं होतात. अथी तुमचे आकडे आइकत बसू का?"

त्या दिवशी मी मंगरूळपीरला मीटिंगला गेले होते. काकू दुपारी दीडलाच शेतातून परत आल्या. डोकं फुटतंय म्हणाल्या, ओकल्या, आणि मग म्हणाल्या, "अवो, थंडी वाजून राह्यली. काई तरी घाला अंगावर." हे सगळं मला बुवांनी नंतर सांगितलं, एकेक शब्द, पुन्हा पुन्हा. त्यांनी हात लावून पाहिलं तर अंग भाजत होतं. ताप आणि थंडी. डिसेंबरासारखंच.

मी साडेचारला काळीपिवळी जीपमधून उतरले. घरात शिरले तर बुवा बाजेशी बसलेले, काकूंचा हात हातात. काकूंच्या अंगावर दोन गोधड्या, गळ्यापर्यंत नीट खोचलेल्या. बुवांनी मला पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं आलं. म्हणाले, "आल्या का बाई! तुमी सांगतलं होतं तसंच केलं. तीन तास झाले. पन अजून घाम नाई फुटला."

मी गोधडी ओढली तेव्हा आतून तव्यावरून यावी तशी वाफ माझ्या तोंडावर आली. काकूंचे डोळे अर्धे उघडे होते, पण त्या काही बघत नव्हत्या. त्वचा कोरडी. मी घागर ओतली, ओली चादर टाकली, जीप बोलावली. शेलूबाजार यायच्या आधीच त्या गेल्या. बुवा जीपमध्ये समोर बसले होते, त्यांना कळलं नव्हतं. ते ड्रायव्हरला म्हणत होते, "जरा सावलीसावलीनं चाल बाप्पा."

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला ओसरीत बोलावलं. तराजूची वजनं त्यांनी ओळीनं मांडून ठेवली होती, उगीच, काही मोजायचं नव्हतं. म्हणाले, "बाई, एक इचारतो. खरं सांगजा. पांघरूनानं गेली का ते?"

त्यांना काय विचारायचं होतं हे मला पूर्ण कळलं. ज्या माणसानं सगळ्या गावाला शिकवलं की गोधडी आतलं बाहेर जाऊ देत नाही, त्यानं तीन तास आपल्या बायकोची आग गोधडीनं आत कोंडून धरली होती. शुक्राचं त्याला कळत होतं. बाजेवरच्या बाईचं त्याला कळलं नाही, कारण ती थंडी वाजते म्हणाली आणि त्याचा तिच्यावर जीव होता, आणि सहा महिन्यांपूर्वी एका नर्सनं त्याला तसं करायला सांगितलं होतं.

मी म्हटलं, "नाई बुवा. पांघरूनाचा काई संबंध नाई. ऊनच तसं होतं. तुमी काई नसतं केलं तरी असंच झालं असतं."

त्यांनी एक वजन उचलून परत ओळीत ठेवलं. मग म्हणाले, "तुमी शिकलेल्या हा. तुमी म्हनता तं तसंच असन." आणि रडायला लागले. काकू गेल्यापासून ते पहिल्यांदा रडत होते.

दयेपोटी खोटं बोललो, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. थोडीशी दया होती. बाकी सगळी भीती होती. 'हाव', म्हणजे हो, असं माझ्या तोंडून निघालं असतं तर पुढचा प्रश्न डिसेंबरातल्या त्या वाक्याबद्दलच आला असता.

त्या खोट्यानं बुवा जगले, हे मात्र खरं. जेवायला लागले. टिनांना पुन्हा चुना लागला. थर्मामीटर पुन्हा पुकारू लागले, आवाज थोडा बसलेला. आणि भेटेल त्याला सांगू लागले की, सिस्टरनं सांगितलं, पांघरूणाचा काही संबंध नव्हता. कोणी विचारत नसे तरी सांगत. मी ते ऐकायचे आणि औषधांची कपाटं लावायला घ्यायचे. त्यांना तेवढा आधार लागतो, असं मला वाटायचं. बुवांनी पुकारलेलं वजन गाव बिनतक्रार मानत आलं होतं, आणि हेही ते तसंच मानत होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं.

पुढच्या वर्षीचा मे. मी अंगणवाडीत लस द्यायला बसले होते. बुढीच्या घरातून एक बाई धावत आली, "सिस्टर, चाला, सूनबाई कसंतरी करून राह्यली." बर्फाचा डबा तसाच उचलून मी पळाले. सून शेंगांवरून आली होती. बडबडत होती, कोणाला ओळखत नव्हती. आणि तिच्या अंगावर काकूंच्या गोधड्या होत्या. लाल काठाच्या, दोन. बुवांनी स्वतःच्या घरून आणल्या होत्या. बुढी उशाशी बसून शनीला हात जोडत होती, आणि बुवा तिला धीर देत होते, "भेऊ नोको बुढे. पांघरूनानं काई होत नाई, सिस्टरनं सांगतलं हाय. घाम फुटू दे."

माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोलले नाही. मी किंचाळले, "काढा ते! मारून टाकता काय तिले?"

गोधड्या मी अंगणात फेकल्या. पाणी ओतलं, डब्यातला बर्फ बगलांत धरला, बुढीला सुपानं वारा घालायला लावलं. बुवांना काहीच सांगितलं नाही, तरी ते हौदावरून बादल्या आणत होते, एकामागून एक. अर्ध्या तासानं सूनबाईची नजर ताळ्यावर आली, तिनं सासूकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. जीप आली. ती वाचली. आज तिला दोन मुलं आहेत.

जीप गेल्यावर अंगणात आम्ही दोघंच उरलो. बुवांच्या हातात रिकामी बादली होती.

"मंग तिचंबी काढाले पाह्यजे होतं," ते म्हणाले.

"हाव."

"काढलं असतं तं?"

"सांगता येत नाई बुवा. वाचल्या असत्या, कदाचित."

"तुले मांगच्या साली मालूम होतं हे?"

दीड वर्ष मला तुमी म्हणणारा माणूस पहिल्यांदा तू म्हणाला. मी म्हटलं, "हाव."

त्यांनी बादली खाली ठेवली. ओरडले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "खरं सांगतलं असतं तं मी एकटाच मेलो असतो, पोरी. हे लेकरू कायले मरत होतं?"

दुसऱ्या दिवसापासून बुवा घरोघर जायला लागले. प्रत्येक दारात उभं राहून, बाजारात पोतं पुकारायचे त्याच आवाजात सांगायचे, "ऊन लागलं तं पांघरून घालू नोका. थंडी वाजते म्हनलं तरी घालू नोका. कपडे सैल करा, पानी ओता, वारा घाला. म्या पांघरून घातलं, माही बायको मेली." तेच चार शब्द, तोच क्रम. लोकांना ते ऐकवत नव्हतं. बायका दार लोटून घ्यायच्या. पोट्टे म्हणायचे, बुढा सटकला. आजूबाजूच्या गावांत ते पायी जायचे, शेतांत, शेंगांच्या ढिगांशी बसलेल्या बायकांपुढे उभे राहायचे, आणि भर उन्हात स्वतःचा गुन्हा पुकारून पुढे निघायचे. ग्रहांबद्दल मी त्यानंतर त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकला नाही. माझ्याशीही कामापुरतंच बोलायचे. खोली सोडा असं मात्र कधी म्हणाले नाहीत.

जूनच्या सुरुवातीला शेलूबाजारच्या आठवडी बाजारात ते असेच उभे राहिले. मी तिथं मीठ-साखरेच्या पुड्या वाटायला गेले होते. ऊन होतं, गर्दी होती, आणि बुवा आपलं सांगून संपवत होते. बाजारातला एक जुना व्यापारी, ज्यानं आयुष्यभर बुवांच्या हातचं माप घेतलं होतं, पुढे आला.

"बुवा," तो म्हणाला, "मांगच्या साली तं तुमी सांगत होते, पांघरूनानं काई होत नाई. सिस्टरनं सांगतलं म्हनत होते. अथीच, ह्याच जागी सांगतलं तुमी मले. आता ते खरं का हे खरं?"

लोक थांबले. मी चार पावलांवर होते. बुवांनी मला पाहिलं. मला वाटलं, आता ते सांगतील. डिसेंबरातलं वाक्य सांगतील, ओसरीतलं उत्तर सांगतील, आणि त्यांनी पुकारलेलं सगळा बाजार खरं मानेल, कारण ह्या माणसानं हयातीत कधी खोटं पुकारलं नव्हतं. मी तयार होते, असं म्हणायला मला आवडलं असतं.

"सिस्टर तसं म्हनलीच नाई," बुवा मोठ्यानं म्हणाले. "ते म्या माह्या मनानंच सांगतलं होतं."

व्यापाऱ्यानं मान हलवली आणि तो निघून गेला. बाकीचेही पांगले. माझ्यापुढे ओळ होती, आणि ओळीतली बाई हात पुढे करून केव्हाची उभी होती. मी मान खाली घातली आणि तिच्या हातात पुडी दिली.